मोडलेला संसार, कायदा आणि समेटाची वाट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी कार्यालयात येऊन बसलो होतो. आमच्या धर्मग्रामातील एक बाई आपल्या मुलीला घेऊन आत आल्या. मुलीने पिशवीतून जपून ठेवलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तो धर्मप्रांतीय न्यायाधिकरणाचा निर्णय होता. तिचा विवाह मुळातच वैध नव्हता, असे त्यात जाहीर केले होते.

"फादर, आता हिच्या दुसऱ्या लग्नाची तारीख द्या," आई म्हणाली.

"कोर्टाचा हुकूम कुठे आहे?" मी विचारले.

मायलेकी एकमेकींकडे पाहू लागल्या. मग आईच म्हणाली, "देवळाने मोकळे केले, मग कोर्ट कशाला?"

कागदाच्या तळाशी नागरी न्यायालयाचा हुकूम घेण्याविषयी सूचना छापलेली होती. त्यांनी ती वाचलीही होती. परंतु तिचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगितला नव्हता. तो समजावण्याचे काम माझे होते. चार वर्षांपूर्वी हीच मुलगी कडेवरच्या मुलासह माहेरी आली, तेव्हा याच खुर्चीत बसून मी तिला धीर धर, प्रार्थना कर, नांदायला परत जा, एवढेच सांगितले होते. वकील कोठे मिळेल, खर्च कोण देईल, दोन्ही घरच्यांना एकत्र बसवून बोलणी कोण करील, यांपैकी एकाही प्रश्नाला मी हात घातला नव्हता.

त्या दिवशी मला जी लाज वाटली, तिच्यातून प्रस्तुत लेख उभा राहिला आहे. आपल्या लोकांचा हा गोंधळ निव्वळ अज्ञानाचा नाही, त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो समजून घेतला तर संकटात सापडलेल्या घराला योग्य दार दाखविणे आपल्याला सोपे जाईल.

समेटाची जुनी परंपरा

भावाभावांतील तंटा प्रथम एकांतात, मग दोघा-तिघांसमक्ष आणि शेवटी मंडळीपुढे मांडावा, हा क्रम प्रभू येशूनेच घालून दिला. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात तो आहे. आपापसांतील भांडणे घेऊन परक्या न्यायासनापुढे धावणाऱ्या करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना संत पौलाने खडसावले, आणि तंटा तोडू शकेल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय, असा रोखठोक प्रश्न केला. आरंभीच्या शतकांत हे शहाणपण महागुरूंकडून अपेक्षिले जाई. ३१८ च्या सुमारास सम्राट कॉन्स्टंटाइनने महागुरूंच्या या निवाड्यांना राज्याची मान्यता दिली. हिप्पोचे महागुरू संत ऑगस्टीन जेवणवेळेपर्यंत, प्रसंगी दिवसभर उपाशी राहून, लोकांच्या तक्रारी ऐकत बसत, असे त्यांचे चरित्रकार पोसिडियस यांनी नोंदवून ठेवले आहे. या कामात वाचन-मननाचा वेळ जातो म्हणून ऑगस्टीन कुरकुरतही. पण त्यांनी ते टाकले नाही.

पुढे पश्चिम युरोपात विवाहाचे सारे प्रश्न ख्रिस्तसभेच्या न्यायालयांकडे आले. विवाह वैध की अवैध, पतिपत्नींनी वेगळे राहावे की नाही, याचा निर्णय तेथेच होई. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्या उपस्थितीशिवाय विवाह वैध नाही, असा नियम केला. आपला वसई प्रांत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, त्यामुळे ही शिस्त आपल्याकडेही रुजली. विवाह लावणारा, त्याची नोंद ठेवणारा, बिघडल्यास समजूत घालणारा आणि निवाडा करणारा, हे सर्व एकाच छपराखाली असण्याची सवय आपल्या पूर्वजांना लागली. "देवळाने मोकळे केले" या त्या माउलीच्या शब्दांत ही शतकांची सवय बोलत होती.

१८६९ चा कायदा

इंग्लंडमध्ये १८५७ साली एक मोठा बदल झाला. विवाहाचे खटले ख्रिस्तसभेच्या न्यायालयांतून काढून सरकारी न्यायालयाकडे सोपविण्यात आले आणि न्यायालयामार्फत घटस्फोटाची सोय झाली. त्याच कायद्याच्या धर्तीवर हिंदुस्थानात १८६९ साली भारतीय घटस्फोट अधिनियम आला. पतिपत्नींपैकी एक जरी ख्रिस्ती असला तरी तो लागू होई. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७२ मध्ये, भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम झाला. त्या कायद्यानुसार आपला धर्मगुरू वेदीसमोर जो विवाह लावतो, तोच सरकारदरबारीही विवाह ठरतो.

येथेच आपल्या गोंधळाचे मूळ आहे. वधूवरांनी एकदाच 'होय' म्हटले, परंतु त्या एका शब्दाने दोन बंधने निर्माण झाली, एक संस्काराचे आणि दुसरे राज्याच्या कायद्याचे. गाठ एका ठिकाणी बसली. तिचा प्रश्न निघाला तर मात्र दोन ठिकाणी जावे लागते.

१८६९ चा कायदा स्त्रीला अतिशय कठोर होता. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीचा नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याला क्रूरतेची किंवा दोन वर्षांच्या परित्यागाची, अथवा तशाच आणखी एखाद्या गंभीर दोषाची जोड दाखवावी लागे. रोज मारहाण करणारा नवरा बाहेरख्याली नसेल, तर तिला फार तर न्यायिक विभक्ततेचा हुकूम मिळे; विवाह कायमच राही. दाव्याच्या काळातील पोटगी पतीच्या निव्वळ उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे जात नसे. पत्नीच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क पतीला होता, जणू पत्नी ही त्याची मालमत्ताच होती. जिल्हा न्यायाधीशाने हुकूम दिला तरी उच्च न्यायालयाने तो कायम करेपर्यंत वर्षे लोटत. परस्पर संमतीने विभक्त होण्याची वाट तर या कायद्यात नव्हतीच.

अशा कायद्यात समेटाला जागा उरत नाही. ज्याला सुटका हवी त्याने दुसऱ्यावर चिखलफेक केलीच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. ज्यांचा संसार कोणाच्याही व्यभिचाराशिवाय मोडला होता, त्यांना खोटे आरोप रचणे किंवा आयुष्यभर लटकत राहणे एवढेच पर्याय राहिले. खुद्द इंग्लंडने १९२३ मध्ये स्त्रीपुरुषांतील भेद काढून टाकला आणि १९३७ मध्ये क्रूरता व परित्याग ही स्वतंत्र कारणे मानली. आपल्याकडे मात्र इंग्रज गेले तरी त्यांनी टाकून दिलेला कायदा राहिला.

सुधारणेची दीर्घ प्रतीक्षा

हा दोष कोणाच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. विधि आयोगाने १९६० च्या आपल्या १५ व्या अहवालात आणि पाठोपाठ १९६१ च्या २२ व्या अहवालात ख्रिस्ती विवाहविषयक कायद्याचा विचार केला. पण नवा कायदा झाला नाही. १९८३ च्या ९० व्या अहवालात आयोगाने १८६९ च्या कायद्यातील दहाव्या कलमावरच बोट ठेवले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती स्त्रीच्या दाव्याचा निकाल देताना, पुरता मोडलेला संसार आणि परस्पर संमती यांना सर्वांसाठी कायद्यात स्थान असावे, असे मत नोंदविले. तरीही संसदेत हालचाल झाली नाही.

अखेर न्यायालयांनीच पाऊल उचलले. १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने, पत्नीवर दुहेरी पुराव्याचा बोजा टाकणारी तरतूद राज्यघटनेतील समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली. १९९८ मध्ये विधि आयोगाने १६४ वा अहवाल दिला. ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटना या प्रश्नावर दीर्घकाळ झगडत होत्या. त्या सर्वांच्या प्रयत्नांना २००१ मध्ये यश आले. त्या वर्षी ३ ऑक्टोबरपासून अमलात आलेल्या दुरुस्तीने पतिपत्नींना सारखी कारणे दिली, पाचव्या हिश्श्याची मर्यादा काढली, जिल्हा न्यायालयाच्या हुकमाला उच्च न्यायालयाच्या मोहरेची लागणारी गरज संपविली आणि १०-अ हे नवे कलम घालून परस्पर संमतीचा मार्ग खुला केला. इंग्लंडमधील १९२३ च्या दुरुस्तीपासून मोजले तर आपल्या भगिनींनी ७८ वर्षे वाट पाहिली.

या नव्या कलमातही एक विषमता राहिली. संमतीने घटस्फोट मागण्यापूर्वी हिंदू विवाह कायद्यात किंवा विशेष विवाह कायद्यात एक वर्ष वेगळे राहणे पुरते; ख्रिस्ती दांपत्याला मात्र दोन वर्षे सांगितली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा काळ एक वर्षाचा मानावा असे ठरविले, आणि २०२२ मध्ये एका वर्षाची सक्तीही घटनाबाह्य ठरविली. म्हणूनच ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने आपल्या न्यायालयात कोणता काळ धरला जातो, हे वकिलाला आधीच विचारावे. अर्ज दाखल झाल्यावरही सहा महिने थांबण्याची तरतूद कायद्यात आहे. तो काळ पुनर्विचारासाठी आहे.

दोन दारे

ख्रिस्तसभेच्या न्यायाधिकरणाचा निर्णय नागरी कायद्यात चालतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९९६ मध्ये न्यायालयाने निःसंदिग्ध उत्तर दिले: ख्रिस्ती विवाह विसर्जित करण्याचा किंवा शून्य ठरविण्याचा अधिकार १८६९ च्या कायद्याखालील न्यायालयालाच आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयाचे महत्त्व धार्मिक बाबतीत असू शकेल, परंतु त्याच्या बळावर नागरी बंधन सुटत नाही. त्या खटल्यातील दुसरा विवाह शून्य ठरला. पुढे कर्नाटकातील एका कॅथॉलिक संघटनेच्या माजी अध्यक्षांनी न्यायाधिकरणाच्या निर्णयांना मान्यता मिळावी म्हणून याचिका केली. १९ जानेवारी २०१७ रोजी तीही फेटाळली गेली.

आपल्या शेजारच्या गोव्यात वेगळा इतिहास घडला. १९४० मध्ये पोर्तुगाल आणि पवित्र पीठ यांच्यात करार झाला. त्याला अनुसरून निघालेले १९४६ चे फर्मान गोव्यातही लागू झाले, आणि ख्रिस्तसभेने दिलेल्या विवाहशून्यत्वाच्या निर्णयाला उच्च न्यायालयामार्फत नागरी परिणाम मिळण्याची सोय तेथे झाली. गोव्यातील एखाद्या नातेवाइकाचे उदाहरण ऐकून वसईचा माणूस फसतो, तो यामुळे. तेथील दार येथे नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर नागरी घटस्फोटाने संस्काराचे बंधनही सुटत नाही. ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत बदललेली नाही. वैध आणि पूर्णत्वास गेलेला ख्रिस्ती विवाह कोणतीही मानवी सत्ता मोडू शकत नाही. न्यायाधिकरण विवाह मोडत नाही; तो आरंभापासून वैध होता की नव्हता, एवढेच तपासते. ही तपासणी लवकर व्हावी म्हणून दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये नियम सुधारले. एकाच गोष्टीवर दोन न्यायाधिकरणांचे एकमत होण्याची अट गेली, काही प्रकरणांत महागुरूंपुढे संक्षिप्त कार्यवाहीची सोय झाली आणि ही सेवा शक्यतो विनामूल्य असावी, असे सांगितले गेले. ८ डिसेंबर २०१५ पासून हे नियम अमलात आहेत.

थोडक्यात, एका दाराने आत गेलेला माणूस दुसऱ्या दाराने आपोआप बाहेर पडत नाही. दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र कागद आणि स्वतंत्र निर्णय लागतो.

समेटाचे पुनरागमन

आता ज्या गोष्टीची आपल्या धर्मग्रामांना कमी माहिती आहे, तिच्याकडे वळू. १८६९ च्या कायद्याने समेटाकडे पाठ फिरविली होती. शंभर वर्षांनंतर भारतीय कायदा पुन्हा त्या वाटेवर आला.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने गरिबांना मोफत विधिसाहाय्य देणे हे राज्याचे धोरण ठरविले. १९८४ मध्ये कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. त्यात न्यायाधीशाने प्रथम तडजोडीचा प्रयत्न करावा असे कर्तव्य सांगितले आहे आणि त्यासाठी समुपदेशकांची व्यवस्था आहे. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यातील एक गोष्ट प्रत्येक घरात ठाऊक असली पाहिजे: स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयाच्या आवारातील विधि सेवा समितीकडे साधा अर्ज केला तरी पुरतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विचारता येते.

२००२ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८९ व्या कलमाने न्यायालयांना दावे मध्यस्थीकडे पाठविण्याचा अधिकार दिला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीच्या प्रसारासाठी समिती नेमली. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने, वैवाहिक वाद जितक्या लवकर मध्यस्थीकडे जातील तितके चांगले, असे सांगून कुटुंब न्यायालयांना तशा सूचना दिल्या. २०२३ मध्ये संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाच केला.

मध्यस्थ आणि न्यायाधीश यांत फरक आहे. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांचे एकत्र आणि वेगवेगळे ऐकून घेतो आणि मूळ प्रश्न कोणते, ते त्यांच्याकडूनच वदवून घेतो. मूल कोणाकडे राहील, दुसऱ्याने त्याला केव्हा भेटावे, शाळेचा खर्च कोणी द्यावा, लग्नात घातलेले दागिने कोणाचे, भाड्याच्या घराची अनामत कोणाला, अशा गोष्टी एकेक करून कागदावर येतात. तेथे बोललेले शब्द गुप्त राहतात, ते पुढे कोर्टात पुरावा म्हणून आणता येत नाहीत. जुळले तर करार होतो. न जुळल्यास दावा जिथे होता तिथून पुढे चालतो. कित्येकदा अशा बैठकीत संसारच पुन्हा सांधतो. सांधला नाही तरी मुलांचे आईबाप एकमेकांचे शत्रू होण्यापासून वाचतात.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. जेथे मारहाण आणि भय आहे, तेथे दोघांना समोरासमोर बसवणे म्हणजे समेट नव्हे. अशा वेळी स्त्रीचे आणि मुलांचे रक्षण प्रथम. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो. न्यायालय संरक्षणाचे, राहत्या घरातील निवासाचे आणि पोटगीचे आदेश देऊ शकते. ख्रिस्तसभेचा कायदाही शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास मुभा देतो. अशा स्त्रीला परत नांदायला पाठवणे हा धीराचा उपदेश नव्हे. मी हे चुकून शिकलो आहे.

आपले कर्तव्य

कोर्टाची पायरी चढली म्हणजे पाप घडले, अशी समजूत आजही अनेक घरांत आहे. तिच्यामुळे कित्येक भगिनी आपले हक्क सोडून देतात, तर कित्येक पुरुष वर्षानुवर्षे अधांतरी राहतात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथाच्या २३८३ क्रमांकाच्या परिच्छेदात या शंकेला उत्तर आहे. कायदेशीर हक्क, मुलांची काळजी किंवा वारसा यांच्या रक्षणासाठी नागरी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो सहन करता येतो, त्यात नैतिक अपराध नाही, अशी ती शिकवण आहे. २०१६ च्या आपल्या प्रबोधनपत्रात पोप फ्रान्सिस यांनी धर्मप्रांतांत समुपदेशन, समेट आणि मध्यस्थीची केंद्रे असावीत, विभक्त झालेल्यांना माहिती आणि सल्ला मिळावा, असे आवर्जून सांगितले. म्हणजे पौलाने करिंथकरांना विचारलेला प्रश्न आजही आपल्यापुढे उभा आहे. प्रत्येक धर्मग्रामात एखादा निवृत्त शिक्षक, एखादी परिचारिका, एखादा वकील असतोच. त्यांतील दोघा-तिघांनी मध्यस्थीचे शिक्षण घेतले, तालुका समितीचा पत्ता आणि न्यायाधिकरणाचे नियम माहीत करून घेतले, तरी कितीतरी घरांची वर्षे वाचतील.

त्या मायलेकींचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. लग्नाची तारीख मी दिली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या धर्मग्रामातील एका शिक्षिकेला बरोबर देऊन त्यांना तालुका विधि सेवा समितीकडे पाठविले. मोफत वकील मिळाला. मध्यस्थाकडे तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत जावई एक शब्दही बोलला नाही. तिसऱ्या बैठकीत तो म्हणाला, "मुलाच्या शाळेचे मी देईन, पण महिन्यातून दोन रविवार तो माझ्याकडे हवा." तिने मान्य केले. दागिने परत आले. संमतीचा अर्ज दाखल झाला आणि कायद्याने सांगितलेल्या मुदतीनंतर हुकूम हाती पडला. या साऱ्याला दीड वर्ष लागले. चार वर्षांपूर्वी मीच सुरुवात करून दिली असती, तर हा काळ तिच्या आयुष्यातून वेगळा कापला गेला नसता.

लग्नाच्या जुन्या वहीत तिच्या नावासमोरच्या समासात मी न्यायाधिकरणाच्या निर्णयाची नोंद केली आणि कोर्टाच्या हुकमाची प्रत फाइलला लावली. त्यानंतरच दुसऱ्या विवाहाची घोषणा वेदीवरून वाचली. तेव्हापासून माझ्या मेजाच्या खणात एक कागद कायम असतो. त्यावर तालुका समितीचा पत्ता, न्यायाधिकरणाच्या भेटीच्या वेळा आणि त्या शिक्षिकेचे नाव लिहिलेले आहे. कोणी रडत आत आले की प्रार्थना तर आम्ही करतोच. पण उठताना तो कागद त्यांच्या हाती देतो.